शकुंतलेची वाट

माझे अब्बा रेल्वेत होते, असे मी शाळेत सांगितले की मुलांना वाटायचे ते इंजीन चालवतात. मला ते ऐकायला बरे वाटे, म्हणून मी कधी दुरुस्ती केली नाही. खरे म्हणजे अब्बा गँगमन होते. पुढे चावीवाला झाले. मूर्तिजापूर ते अचलपूर या अरुंद रुळांच्या लाइनीवर अंजनगावच्या आसपासचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. फजरची नमाज झाली की खांद्यावर घण, हातात पान्हा आणि काखेत लाल-हिरव्या झेंड्या घेऊन ते रुळांवरून चालायला लागत. कुठे खिळा सैल झाला आहे, कुठे स्लीपर खचला आहे, कुठे पावसाने गिट्टी वाहून गेली आहे, हे पाहत जायचे आणि पाहत परत यायचे. मी एकदा सहज हिशेब केला. दिवसाला आठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस आणि सत्तावीस वर्षांची नोकरी. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा पुरेल इतके अब्बा चालले होते, आणि मूर्तिजापूरच्या पलीकडे बहुधा दोन-तीनदाच गेले होते.

त्या लाइनीला सगळे वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणते. यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा फाटा आणि मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूर हा ७६ किलोमीटरचा. मधोमध मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाइन. १९१० मध्ये किलिक निक्सन या कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि अडीच फूट रुंदीचे हे रूळ टाकले. कारण एकच, कापूस. आमच्या काळ्या मातीतला कापूस छोट्या गाडीने मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरकडे. मँचेस्टरहून आमच्याकडे काय आले? कापड आले आणि या लाइनीवर धावणारे वाफेचे इंजीन आले. १९२१ मध्ये तिथे बनलेले ते इंजीन १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबले, मग डिझेल आले. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, तरी या लाइनीची मालकी खासगी कंपनीचीच राहिली आणि सरकारी रेल्वे करारावर गाडी चालवत राहिली. ‘देश स्वतंत्र झाला, शकुंतला व्हायची राहिली,’ असे आमच्याकडे चहाच्या टपरीवर हमखास ऐकू यायचे.

गाडीचा वेग तासाला वीस किलोमीटरच्या आसपास. ७६ किलोमीटरला चार तास लागायचे. मी आठवीत असताना भाईजानची सायकल घेऊन पथ्रोटच्या बाजूला गाडीबरोबर शर्यत लावायचो. लाइनीच्या कडेने बैलगाडीची वाट होती. गाडी पुढे जायची, मी मागून गाठायचो, पुन्हा ती पुढे. गार्डसाहेब हात हलवायचे. शकुंतला आणि सायकल या दोघींचा वेग एकच आहे हे मला तेव्हापासून माहीत होते. त्याचा उपयोग पन्नास वर्षांनी होईल असे मात्र वाटले नव्हते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगणे मला जड जाते. मी उर्दू शाळेत शिक्षक होतो. २००९ साली माझ्या वर्गात जवळच्या खेड्यातली एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात हुशार. आठवीनंतर तिचे वडील तिला शाळेतून काढणार होते, कारण गाव चार किलोमीटर दूर, एसटीची वेळ जुळत नाही आणि मुलगी मोठी झालेली. मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी म्हणालो, ‘‘सायकल द्या तिला. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मी जबाबदारी घेतो.’’ माझ्या शब्दाखातर त्यांनी जुनी सायकल घेऊन दिली. दीड वर्ष मुलगी रोज आली. दहावीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी परत जाताना मागून आलेल्या ट्रकने तिला उडवले. जीव वाचला, पण डाव्या पायात सळी बसली आणि शाळा सुटली ती सुटलीच. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिचे वडील मला काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या रस्त्याला कड नव्हती. डांबर संपले की खड्डा आणि खड्डा संपला की शेताचे कुंपण. ट्रक आला की सायकलवाल्याने कुठे जायचे, याचा विचार रस्ता करणाऱ्यांनी केलेला नव्हता. त्याच रस्त्यापासून थोड्या अंतरावर अब्बांची लाइन होती, सरळ, एकसारख्या उंचीची.

पुढे गाडी टप्प्याटप्प्याने बंद पडली. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना रुंदीकरणाची घोषणा झाली, पेढे वाटले गेले. त्या घोषणेला आता बरीच वर्षे झाली. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरच्या लोकांनी निवेदने दिली, मोर्चे काढले, सत्याग्रह केले. हे लिहीपर्यंत गाडी आलेली नाही. रुळांवर गाजरगवत आणि वेडी बाभूळ माजली आहे. काही ठिकाणी रूळ दिसतात, काही ठिकाणी आठवणीने शोधावे लागतात.

२०२१ साली, टाळेबंदी सैल झाल्यावर, मी सकाळी त्या बाजूला फिरायला जाऊ लागलो. सेवानिवृत्त माणसाला डॉक्टर चालायला सांगतात, आणि माझे पाय आपोआप अब्बांच्या वाटेला लागले. एका सकाळी बांधावर उभा असताना शाळेच्या तीन मुली सायकली हातात धरून लाइनीच्या कडेने चालत येताना दिसल्या. मी विचारले, ‘‘रस्त्याने का नाही जात?’’ एक म्हणाली, ‘‘रस्त्यानं ट्रका लय रायतेत, सर. अम्मी रागावते.’’ बाभळीच्या काट्यांनी एकीच्या सायकलचे चाक बसले होते. त्या दिवशी घरी येऊन मी वहीत पहिले वाक्य लिहिले : शकुंतलेच्या बांधावर सायकलींची वाट करता येईल का?

मी पुण्याला इंजिनिअर असलेल्या माझ्या पुतण्याला, म्हणजे भाईजानच्या धाकट्याला, फोन केला. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘चाचा, जगात हे खूप ठिकाणी झालंय.’’ मग त्याने सगळे समजावून सांगितले. स्पेनने १९९३ पासून बंद पडलेल्या लाइनी पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. अमेरिकेत मिसुरी नदीच्या काठाने एक लाइन होती, १९८६ च्या पुरानंतर ती बंद झाली. १९९० पासून तिच्यावर टप्प्याटप्प्याने सायकलवाट खुली झाली. आज ती सुमारे ३८६ किलोमीटर लांब आहे, म्हणजे आपल्या शकुंतलेच्या दोन्ही फाट्यांच्या दुप्पट.

रेल्वेचा बांध सायकलला इतका मानवतो, त्याचे कारण अब्बांमुळे मला पुस्तक न वाचताही कळले. गाडीला चढ सोसत नाही. म्हणून लाइन टाकताना उंचवटा खोदतात, खोलगट भाग भरतात आणि चढ इतका हलका ठेवतात की चालताना तो जाणवतही नाही. सायकल मारणाऱ्या मुलीलाही चढ सोसत नसतोच. दुसरी गोष्ट पाण्याची. आमची काळी माती पावसात इतकी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पण लाइनीचा बांध आसपासच्या शेतांपेक्षा उंच आहे, जागोजागी मोऱ्या बांधलेल्या आहेत, वर गिट्टी आहे. त्यावर मुरूम टाकून दाबला तर पावसाळ्यातही चाक रुतणार नाही. अडचण पुलांची. लोखंडी गर्डरवर स्लीपर आणि त्यांच्यामधून खाली नदीचे पात्र. तिथे फळ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा लागेल. सावलीचीही अडचण आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पण कडुनिंब लावले तर आठ-दहा वर्षांत सावली होते, आणि वऱ्हाडातल्या माणसाला आठ-दहा वर्षे वाट पाहण्याची सवय आहे.

आम्ही सात जण जमलो. दोन निवृत्त शिक्षक, एक सायकल दुरुस्तीवाला, एक पानमळेवाला बारी, एक वकील, कॉलेजातली दोन मुले. संस्था नोंदवली नाही, नाव ठेवले नाही. एक निवेदन लिहिले आणि सह्या घ्यायला निघालो. मला वाटले होते, लोक धावत येतील. ‘सायकल’ या शब्दाला कोण नाही म्हणेल?

पहिल्याच गावी पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले, ‘‘मास्तर, आमाले गाडी पायजे. तुमी सायकल कायले दाखवता?’’ सगळे हसले. मीही हसलो, पण तो हसत नव्हता. त्याने सांगितले, त्याची लेक अचलपूरला दिलेली. गाडी होती तेव्हा एसटीच्या मानाने फारच थोड्या पैशात महिन्यातून एकदा भेट व्हायची. आता वर्षातून दोनदा होते. ‘‘बाजाराचं गाठोडं, दोन नातवं अन् माही बुढी, हे सायकलवर बसवून दावा, मंग सही देतो.’’

दुसऱ्या गावी शेतकऱ्याचा सवाल वेगळा होता. ‘‘आमच्या आज्याची जमीन घेऊन लाइन केली. रेल्वेले नको असंल त आमची आमाले वापस द्या.’’ तिसऱ्या ठिकाणी संत्र्याच्या बागेचा मालक म्हणाला की वाट झाली की चोर येतील. एक जण वेगळाच निघाला. त्याने सही केली, चहाही पाजला, आणि मग हळूच विचारले, ‘‘रूळ काढणार असाल तर भंगाराचा ठेका कोणाला?’’ मी सही असलेला कागद हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. इतकी वर्षे अब्बांनी रोज सकाळी पाहून ठेवलेला रूळ कोणाच्या तरी डोळ्यांना किलोच्या भावात दिसत होता.

पण सर्वांत कठीण सही घरातलीच होती. भाईजान माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शिलाईचे काम करायचे. तरुणपणी ते शिवलेल्या पायजम्यांचे गठ्ठे घेऊन शकुंतलेने मूर्तिजापूरच्या बाजारात जायचे. निवेदन वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘अब्बाने जिंदगीभर जो कीले ठोके, वो उखाडनेकू निकला क्या तू?’’ मी सांगू लागलो की गाडी येत नाही, येण्याची चिन्हे नाहीत, मुलींना वाट हवी. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘‘तेरी बात सही है. लेकिन जिस दिन तूने रूळ उखडने दिया, उस दिन गाडी मांगनेका हक बी उखड गया.’’ आणि कागद माझ्याकडे सरकवला. सही केली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. निवेदनातले वाक्य पुन्हा पाहिले. मी लिहिले होते : ‘सदर बंद रेल्वेमार्गाऐवजी तेथे सायकल मार्ग करण्यात यावा.’ वाक्य मराठी म्हणून ठीक होते. वऱ्हाड म्हणून ठीक नव्हते.

दरम्यान, आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि शांतपणे सांगितले की आम्ही रोज सकाळी करतो तो गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरता येत नाही, मग गाडी चालू असो की बंद. आमची बाभूळ तोडण्याची मोहीम तिथेच थांबली. तोवर आम्ही दोन रविवारी हद्दीबाहेरची बैलगाडीची वाट साफ केली होती. गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव आमच्याच तालुक्यातले. हातात खराटा घेतला की आमच्याकडे कोणी जात विचारत नाही. आणि अब्बा म्हणायचे, रस्त्यातला काटा बाजूला काढणे हाही सदकाच आहे. बारी काका आणि मी एकाच फांदीची दोन टोके ओढत होतो तेव्हा ते गाडगेबाबांचे नाव घेत होते आणि मी अब्बांचे. फांदी एकच होती.

अर्ज दिला. काही महिन्यांनी उत्तर आले की तो योग्य त्या कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. तिथून तो आणखी योग्य कार्यालयाकडे गेला. लाइन कोणाची, गाडी कोणाची, जमीन कोणाची, या तीन प्रश्नांची तीन उत्तरे तीन टेबलांवर होती.

याच काळात शेजारच्या अकोला जिल्ह्यात दुसऱ्या एका लाइनीचे काय झाले ते मी पाहत होतो. अकोला-खंडवा ही मीटर गेज. अकोट सोडले की ती मेळघाटात शिरायची आणि धुळघाटजवळ डोंगर चढताना स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेऊन जायची. २०१७ च्या सुरुवातीला ती रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट हा भाग मोठा होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे गाडी सुरूही झाली. जंगलातला भाग मात्र राहिला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. तिथून मोठी गाडी नको, ती जंगलाबाहेरून न्यावी, असा आग्रह वन्यजीवांची काळजी असणाऱ्यांनी धरला. आमच्यातला एक मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘‘सर, मग तिथंही सायकलची वाट मागू. धुळघाटचा वळसा सायकलवर काय मस्त वाटेल!’’ मला ते पटले नाही. जिथून माणसाने पाय काढला आणि अस्वलाने टाकला, तिथे पुन्हा आपली घंटी वाजवत का जावे? प्रत्येक बंद लाइन सायकलसाठी नसते. काही लाइनी पुन्हा गाडीसाठी असतात, काही जंगलाला परत द्यायच्या असतात. आपल्या लाइनीला कोण वापरणार आहे, हे आधी विचारले पाहिजे. शकुंतलेच्या दोन्ही बाजूंना जंगल नाही, गावे आहेत. लाखपुरी, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट. गावांत शाळा आहेत, आणि शाळेला जाणाऱ्या मुली आहेत. मागास तालुक्यांतल्या मुलींना सरकार सायकली देते. सायकल दिली, पण ती चालवायची कुठे?

मग एक दिवस पुतण्याचाच फोन आला. त्याने अमेरिकेतल्या कायद्याची एक गोष्ट सांगितली. ती मिसुरीकाठची वाट झाली ती १९८३ च्या एका दुरुस्तीमुळे. त्या दुरुस्तीचा अर्थ असा की बंद लाइनीची जमीन तुकडे करून विकायची नाही. ती सलग पट्टी म्हणून जपायची. तोवर तिच्यावर लोकांनी चालावे, सायकली चालवाव्यात. उद्या रेल्वेला गरज पडली तर पट्टी परत मिळेल. जणू लाइन बँकेत ठेव म्हणून ठेवली आहे आणि सायकलवाट हे तिचे व्याज.

मी फोन ठेवला आणि मला अब्बांचे काम पहिल्यांदा नीट कळले. लहानपणी मला वाटायचे, ते रूळ सांभाळतात. पण रूळ बदलले जात होते, स्लीपर बदलले जात होते, इंजीन बदलले. त्यांच्या तुकड्यात जे कधी बदलले नाही ते होते सलगपण. कुणाचा वखर बांधात घुसला, कुणी मोरी बुजवली, कुणी माती उकरून नेली, तर ते मुकादमाला सांगत, भांडत, पुन्हा जागेवर आणत. लोखंड पुन्हा विकत मिळेल. पण यवतमाळपासून अचलपूरपर्यंत १८९ किलोमीटरची, शेकडो शेतांमधून गेलेली, एकही खंड नसलेली जमीन आज कोणी मागायला गेला तर मिळणार आहे का? शंभर वर्षांपूर्वी कापसासाठी आणि परक्यांच्या फायद्यासाठी का होईना, ती एकदा मिळाली. ती एकदा तुटली, एका ठिकाणी दुकान, दुसऱ्या ठिकाणी बाग, तिसऱ्या ठिकाणी प्लॉट झाला, की मग गाडीही येणार नाही आणि सायकलवाटही होणार नाही. पारावरचा म्हातारा आणि मी, आम्ही दोघेही हरलेले असू.

आणि बंद पडलेली जागा कशाने तुटते? वापर नसल्याने. ज्या वाटेवरून रोज दोनशे मुले शाळेला जातात, तिच्यावर कोणी कुंपण घालू शकत नाही. सायकली गाडीच्या वाटेत येत नाहीत, त्या गाडीची जागा धरून बसतात, जसा एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो.

मी नवे निवेदन घेऊन भाईजानकडे गेलो. मगरिब झाली होती, ते अंगणात बसले होते. मी हे सगळे त्यांना सांगितले, रुमालाचे सुद्धा. ते हसले. मग म्हणाले, ‘‘पढ के सुना.’’ मी वाचले. पहिली मागणी : मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वे रुंदीकरण करून सुरू करावी. दुसरी मागणी : लाइनीची एक वीतही जमीन कोणाला देऊ नये. तिसरी मागणी : रुळांना हात न लावता, हद्दीच्या कडेने, गावे आणि शाळा जोडणाऱ्या तुकड्यांत सायकलवाट करावी, रेल्वेऐवजी. तो शेवटचा शब्द जुन्या निवेदनातून तसाच उतरला होता. माझ्या लक्षात आला नव्हता.

भाईजानने पेन मागितला. शिंप्याच्या हाताला रेघ सरळ मारायची सवय असते. त्यांनी ‘रेल्वेऐवजी’मधल्या ‘ऐवजी’वर एक सरळ रेघ ओढली आणि वर उर्दू वळणाच्या मराठी अक्षरात लिहिले, ‘येईपर्यंत’. मग सही केली. सहीखाली अब्बांचे नाव लिहिले, हुद्दा लिहिला : चावीवाला. मी म्हणालो, ‘‘भाईजान, ये नियम में नहीं बैठता.’’ ते म्हणाले, ‘‘लाइन उनकी बी थी.’’

त्या एका शब्दाने सह्या वाढल्या. पारावरच्या म्हाताऱ्याने अंगठा दिला. बागवाल्याने दिला नाही, पण ‘कुंपण करून द्याल तर पाहू’ इतक्यावर आला. आणि त्या मुलीच्या, म्हणजे आता दोन लेकरांची आई असलेल्या बाईच्या घरी मी गेलो. बारा वर्षांत तिच्यासमोर जायचे धाडस झाले नव्हते. तिचे वडील आता नाहीत. तिने निवेदन पूर्ण वाचले. दहावी झाली नाही तरी मराठी खणखणीत वाचत होती. वाचून म्हणाली, ‘‘सर, कड ठेवायला सांगितली का? दोन्हीकडून?’’ मी म्हणालो, ‘‘सांगितली.’’ तिने सही केली. मग तिसरीतल्या मुलीला बोलावून म्हणाली, ‘‘सरांना सलाम कर. माझी सायकल यांनीच घेऊन द्यायला लावली होती.’’ त्या वाक्यात तक्रार होती की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

निवेदन पुन्हा गेले आहे. उत्तर आलेले नाही. हद्दीबाहेरच्या वाटेचा दीड किलोमीटर आम्ही दर पावसाळ्यानंतर साफ करतो, आणि सकाळी त्यावरून दहा-पंधरा सायकली जातात. भाईजान आता शहात्तरच्या पुढे आहेत. जुम्याच्या दिवशी कधी तरी मला म्हणतात, चल, लाइनीकडे जाऊन येऊ. हद्दीच्या खांबाजवळ आम्ही दोघे उभे राहतो. ते कान देऊन ऐकतात. दुरून घंटीचा आवाज येतो. ती सायकलची असते, हे आम्हा दोघांनाही माहीत असते.